खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीचे सायकलिंग: अमोनिया शून्यावर आला, नायट्राइट मात्र उतरत नाही

निळीखिडकी
नमस्कार. गोड्या पाण्यातले मासे मी गेली सहा वर्षे सांभाळते आहे; खाऱ्या पाण्याची ही माझी पहिलीच टाकी. तिचे सायकलिंग, म्हणजे माशांचा अमोनिया पचवणारे सूक्ष्मजीव टाकीत वाढवण्याचे काम, सध्या चालू आहे. टाकी २०० लिटरची आहे, आत २० किलो ड्राय रॉक (कोरडा, जीव नसलेला खडक) आणि तळाशी ॲरागोनाइट वाळूचा एक इंची थर आहे. पाणी आरओडीआयचे, म्हणजे गाळून शुद्ध केलेले, त्यात मीठ मिसळून क्षारता ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), तापमान २६ अंश सेल्सिअस. दिवे बंद ठेवले आहेत. पहिल्या दिवशी बाटलीतले जिवाणू सोडले आणि अमोनिया २ पीपीएम (लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम) व्हावा अशा हिशेबाने १.२ ग्रॅम अमोनियम क्लोराइड विरघळवून घातले. तो अमोनिया शून्यावर यायला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी तेवढीच मात्रा पुन्हा दिली, ती चार-पाच दिवसांत संपली. चौदाव्या दिवशी दिलेली तिसरी मात्रा जेमतेम दीड दिवसात संपली. आज एकोणिसावा दिवस आहे.

अडचण नायट्राइटची आहे. दहाव्या दिवसापासून माझ्या टेस्ट किटवर तक्त्यातला सर्वांत गडद रंग, म्हणजे ५ पीपीएमचा, येतो आहे आणि त्यात तसूभरही फरक नाही. नायट्रेटची चाचणी केली तर ती थेट १०० दाखवते. पाणी पाहावे तर काचेसारखे स्वच्छ. घरातली मंडळी रोज विचारतात की मासे कधी येणार, आणि मला त्यांना खात्रीने काही सांगता येत नाही.

माझे प्रश्न असे: सायकलिंग पूर्ण झाले हे नेमके कशावरून ठरवायचे? नायट्राइट असताना मासा सोडता येतो का? आणि आत्ताच निम्मे पाणी बदलावे का? एक गोष्ट मात्र माझ्या मनाशी पक्की आहे. टाकी तयार आहे की नाही हे पाहण्यासाठी मी त्यात जिवंत मासा सोडणार नाही.

भरतीरेषा
शेवटचे वाक्य वाचून फार बरे वाटले. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे, की अमोनियाची २ पीपीएम मात्रा दिल्यावर २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, तर टाकी तयार. किती आठवडे झाले किंवा पाणी किती स्वच्छ दिसते यावरून ते ठरत नाही, कारण अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही पाण्यात पूर्ण अदृश्य असतात. तुमची टाकी निम्म्या वाटेवर आहे. थांबा.

प्रवाळवेडा
भरतीरेषा यांच्याशी सहमत आहे. हे असे का होते ते थोडे विस्ताराने लिहितो, म्हणजे थांबणे सोपे जाईल.

मासा प्रथिने पचवतो आणि त्यातला बराचसा नायट्रोजन कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतो. समुद्रात तो क्षणात विरून जातो, टाकीत मात्र साचतो. एका गटातले सूक्ष्मजीव त्या अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या गटातले त्या नायट्राइटचे नायट्रेट. ही दोन वेगवेगळी कुटुंबे आहेत आणि दुसऱ्या कुटुंबाला पहिल्याने अन्न तयार करून दिल्याशिवाय वाढताच येत नाही, म्हणून दुसरे नेहमी मागून येते. शिवाय दोन्ही कुटुंबे मुळातच सावकाश वाढणारी आहेत. सेंद्रिय पदार्थांवर जगणारे साधे जिवाणू अनुकूल स्थितीत अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात; नायट्रीकरण करणाऱ्यांना त्यासाठी कित्येक तासांपासून एका दिवसापर्यंत किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. कारण अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातून मिळणारी ऊर्जा अगदी तुटपुंजी असते आणि तेवढ्यावरच त्यांना पाण्यातल्या अकार्बनी कार्बनपासून आपले शरीर घडवावे लागते.

या जीवांचे वर्णन विनोग्रॅडस्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास केले. त्यानंतर शंभर वर्षे आपण सगळे अमोनियासाठी नायट्रोसोमोनास आणि नायट्राइटसाठी नायट्रोबॅक्टर ही दोनच नावे घोकत आलो. १९९०च्या दशकात टाक्यांमधल्या सूक्ष्मजीवांचा जनुकीय अभ्यास झाला, तेव्हा गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइटचे काम प्रामुख्याने नायट्रोस्पिरा करतात असे दिसले. पुढे २००५ मध्ये तर सिॲटलच्या मत्स्यालयातील उष्ण कटिबंधीय सागरी टाकीतल्या खडीतून अमोनियावर जगणारा एक आर्किया वेगळा काढण्यात आला. नायट्रोसोपुमिलस मॅरिटिमस हे त्याचे नाव. तो जिवाणूंहून निराळ्याच अधिक्षेत्रातला जीव, आणि त्याचे भाऊबंद महासागरात अफाट संख्येने आहेत. ज्याने समुद्राविषयीची आपली समज बदलली तो जीव एका टाकीच्या तळाशी सापडला, याचे मला आजही नवल वाटते.

व्यवहारासाठी यातून एवढेच घ्या, की हे जीव पाण्यात तरंगत नसून खडक, वाळू आणि पाइपांच्या आतल्या भागावर पातळ थर करून राहतात. त्यामुळे पाणी बदलल्याने ते फारसे कमी होत नाहीत, पण खडक वाळवला किंवा नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुतला तर मरतात.

शिंपले_वेचणारी
माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मी आडपडदा न ठेवता मांडते. गोड्या पाण्याच्या टाकीतून आलेल्या लोकांना नायट्राइटची धास्ती असते आणि तिथे ती योग्यच आहे, कारण नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरून हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता नष्ट करते. खाऱ्या पाण्यात मात्र लिटरमागे जवळजवळ १९ ग्रॅम क्लोराइड असते आणि कल्ल्यांमध्ये शिरण्याच्या ज्या वाटा आहेत त्यांवर क्लोराइड आणि नायट्राइट यांची स्पर्धा असते. क्लोराइड इतके प्रचंड असल्यामुळे नायट्राइट आत शिरूच शकत नाही म्हटले तरी चालेल. सागरी मासे कित्येक पीपीएम नायट्राइट सहज सहन करतात. अमोनिया दीड दिवसात संपतो आहे, म्हणजे खरे विष हाताळण्याची सोय झाली आहे. एक लहान क्लाउनफिश आता सोडायला हरकत नसावी. मी स्वतः माझ्या दुसऱ्या टाकीत नायट्राइट २ पीपीएम असताना मासा सोडला होता. तो चार वर्षांनंतरही ठणठणीत आहे.

खोलपाणी
शिंपले_वेचणारी यांनी क्लोराइडचे जे सांगितले ते बरोबर आहे आणि ते या धाग्यावर आले हे चांगले झाले. पण त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. नायट्राइट माशाला मारत नाही म्हणून ते मोजायचेच नाही असे नव्हे. साखळीचा दुसरा दुवा अजून घडायचा आहे, याची ती खूण आहे. दोन्ही दुवे घडलेली टाकी माशाच्या पहिल्या आठवड्यातल्या चुका, म्हणजे जास्तीचे खाणे किंवा एखादी मेलेली गोगलगाय, पोटात घालते. अर्धवट टाकीत तो भार कसा पेलला जाईल हे सांगता येत नाही. आणि दुसरे असे, की इथे घाई करण्यासारखे आहे तरी काय? मासा आणखी दोन आठवडे त्याच्या जागी राहिला तर त्याचे काही बिघडत नाही.

आता धागाकर्तींच्या आकड्यांकडे वळतो, कारण त्यांतच त्यांचे उत्तर दडलेले आहे. अमोनियाचा १ पीपीएम पूर्णपणे रूपांतरित झाला, तर त्यातून सुमारे २.५ पीपीएम नायट्राइट आणि पुढे सुमारे ३.४ पीपीएम नायट्रेट तयार होते. रेणूंची वजने १८, ४६ आणि ६२ अशी असल्यामुळे हे प्रमाण ठरलेले आहे. तुमच्या टाकीचे माप २०० लिटर असले तरी खडक, वाळू आणि वरची रिकामी पट्टी वजा जाता प्रत्यक्ष पाणी १७० लिटरच्या आसपास असेल, म्हणून तुमची प्रत्येक मात्रा २ नसून जवळपास २.४ पीपीएमची झाली. अशा तीन मात्रा म्हणजे सुमारे ७ पीपीएम अमोनिया. त्यातून होऊ शकणारे नायट्राइट १८ पीपीएम आणि नायट्रेट जास्तीत जास्त २४ पीपीएम.

यातून दोन गोष्टी उघड होतात. पहिली म्हणजे १०० नायट्रेट हा आकडा खरा असूच शकत नाही, कारण तेवढा नायट्रोजन तुम्ही टाकीत घातलेलाच नाही. नायट्रेटचे किट आधी नायट्रेटचे नायट्राइट करते आणि मग त्याचा रंग दाखवते. पाण्यात मुळातच नायट्राइट असेल तर तेही त्यात मिसळून आकडा भलताच फुगतो. नायट्राइट शून्य होईपर्यंत ते किट कपाटात ठेवून द्या. दुसरी गोष्ट अशी, की तक्ता ५ वर संपतो. तुमचे नायट्राइट १८ वरून १० वर आले असले तरी रंग तोच दिसेल. नायट्राइट अडकले आहे असे तुम्ही म्हणता, पण ते तक्त्याच्या बाहेर आहे इतकेच आत्ता ठामपणे म्हणता येते. टाकीचे एक माप पाणी आणि आरओडीआयची नऊ मापे एकत्र करून चाचणी घ्या आणि आलेल्या आकड्याला दहाने गुणा.

निळीखिडकी
खोलपाणी, आपले मनापासून आभार. एकोणीस दिवसांत मी चाचण्या खूप केल्या, पण आकड्यांची बेरीज करून पाहावी हे सुचले नाही. नऊ-एक करून आत्ताच पाहिले. रंग १ आणि २ यांच्या मधला आला, म्हणजे १५च्या आसपास धरते. दोन दिवसांनी पुन्हा पाहीन.

शिंपले_वेचणारी
हिशेब पटला. खोलपाणी यांचा मुद्दा मान्य करते. माझ्या टाकीत त्या वेळी जुना लाइव्ह रॉक (सूक्ष्मजीव आधीच वसलेला खडक) होता आणि नायट्राइट उतरतीला लागलेले होते, हे मी लिहायला हवे होते. ड्राय रॉकच्या टाकीला तो दाखला लागू पडत नाही.

जुनी_लाट
धाग्याच्या पहिल्या लेखनातले शेवटचे वाक्य वाचल्यापासून लिहावे की नाही असा विचार करत होतो. मी हा छंद सुरू केला तेव्हा आम्हाला शिकवलेली पद्धत अशी होती, की टाकीत पाणी भरायचे, दुसऱ्या दिवशी तीन-चार डॅमसेल मासे सोडायचे आणि त्यांच्या अमोनियावर टाकी तयार होऊ द्यायची. डॅमसेल चिवट असतात, त्यांना काही होत नाही, असे सांगितले जाई. मी तीन सोडले. चौथ्या दिवसापासून ते पृष्ठभागाशी येऊन भराभर श्वास घेऊ लागले, कल्ल्यांची झाकणे उघडी राहू लागली आणि कडा लालसर दिसू लागल्या. त्या वेळी मला वाटले की ऑक्सिजन कमी पडतो आहे, म्हणून मी हवेचा पंप वाढवला. प्रत्यक्षात अमोनिया त्यांचे कल्ले जाळत होता. आठवड्याभरात दोन गेले. तिसरा जगला, पण रिकाम्या टाकीत तो आधी स्थिरावल्यामुळे सगळा खडक आपला समजू लागला आणि नंतर आणलेल्या प्रत्येक माशाचे पर त्याने फाडले. शेवटी त्याला वेगळे ठेवावे लागले.

खाऱ्या पाण्यात हे आणखी कडक असते, कारण पीएच ८च्या वर असतो. पीएच एका अंकाने वाढला की एकूण अमोनियातला विषारी, मुक्त भाग जवळजवळ दहापट होतो. गोड्या पाण्यात ७ पीएचला जो आकडा मासा सोसतो, तोच ८.२ला त्याचा जीव घेऊ शकतो. अमोनियम क्लोराइडची पूड आज सहज मिळत असताना तीन जिवांवर तो प्रयोग करण्याचे काहीच कारण उरलेले नाही. निळीखिडकी, तुमचा निश्चय ढळू देऊ नका.

कवडी
जुनी_लाट यांच्या प्रत्येक शब्दाला +१.

सागरगोटा
माझ्याकडे पूड नव्हती, म्हणून मी मेलेली कोळंबी जाळीच्या पिशवीत घालून टाकीत टांगली होती आणि सायकलिंग व्यवस्थित झाले. माशांचे खाद्य चिमूटभर रोज टाकूनही होते. अमोनियम क्लोराइडच हवे असा आग्रह का?

प्रवाळवेडा
सागरगोटा, होते हे खरेच आहे. कोळंबी कुजते, अमोनिया सुटतो आणि साखळी सुरू होते. आग्रहाचे कारण मोजमाप हे आहे. कोळंबीतून किती अमोनिया सुटेल आणि केव्हा, हे आधी सांगता येत नाही. कधी तो ८-१० पीपीएमपर्यंत जातो आणि अमोनिया इतका वाढला की नायट्राइटवर जगणारे सूक्ष्मजीव, ज्यांची आपण वाट पाहतो आहोत, तेच दबले जातात. शिवाय कुजण्याबरोबर फॉस्फेट आणि सेंद्रिय गाळही येतो आणि पुढे तो शैवालाला खतपाणी घालतो. पुडीने मात्र १०० लिटरला ०.६ ग्रॅम म्हणजे २ पीपीएम हे गणित ठरलेले असते, आणि शेवटची २४ तासांची परीक्षा घ्यायची तर नेमकी मात्रा ठाऊक असावीच लागते.

सागरगोटा यांच्या पद्धतीत एक गुण मात्र आहे. या सूक्ष्मजीवांना थोडे फॉस्फेटही लागते. कोऱ्या ड्राय रॉकच्या, आरओडीआय पाण्याच्या टाकीत ते कधीकधी शून्य असते आणि मग नायट्राइट खरोखरच अडून बसते. अशा वेळी चिमूटभर माशांचे खाद्य टाकले की गाडी हलते.

खोलपाणी
त्यात अल्कलिनिटीची, म्हणजे पाण्याच्या आम्ल पचवण्याच्या क्षमतेची, भर घालतो. अमोनियाचे नायट्राइट होताना आम्ल तयार होते आणि ते पाण्यातली अल्कलिनिटी खाते. आपण वर काढलेल्या ७ पीपीएम अमोनियासाठी ही घट साधारण २.२ डीकेएच (अल्कलिनिटीचे एकक) इतकी होते. मिठाच्या मिश्रणात ती ८ असेल तर आता ६च्या खाली गेलेली असणार. धागाकर्तींनी पीएच आणि डीकेएच दोन्ही पाहून कळवावे.

वाळूघड्याळ
माझ्या टाकीचा हा पाचवा आठवडा असून धागा रोज वाचतो आहे. एक शंका आहे. सायकलिंग चालू असताना स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) आणि यूव्ही (अतिनील दिव्याची नळी) चालू ठेवावेत की बंद?

भरतीरेषा
वाळूघड्याळ, बाटलीतले जिवाणू सोडल्यावर ते पृष्ठभागाला चिकटेपर्यंत निदान पहिले काही दिवस यूव्ही बंद ठेवा, कारण पाण्यातून फिरणारे जिवाणू त्या नळीतून गेले की मरतात. स्किमर चालू असला तरी चालतो. त्याने पाण्यात ऑक्सिजन चांगला मिसळतो आणि नायट्रीकरणाला ऑक्सिजन पुष्कळ लागतो. दिवे मात्र बंदच बरे. प्रकाशाचा सूक्ष्मजीवांना काही उपयोग नाही. तुमच्या कोऱ्या खडकावर सर्वांत आधी कोण घर करणार, तर ते दिव्याखाली शैवाल असेल.

कवडी
यावरून आठवले. सायकलिंग संपून दिवे लागले की दोन-तीन आठवड्यांत वाळूवर तपकिरी थर येतो, त्याने घाबरून जाऊ नये. ते डायटम (एकपेशीय शैवाल) असतात, पाण्यातले सिलिकेट वापरून वाढतात आणि बहुधा आपोआप जातात. त्यामागून हिरवे केसाळ शैवाल येते. मी त्या वेळी घाबरून नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणले आणि त्या मोकळ्या जागेत डायनोफ्लॅजलेट (दुसरे त्रासदायक एकपेशीय जीव) शिरले. ते घालवायला मला पाच महिने लागले. नव्या टाकीत थोडे नायट्रेट आणि थोडे फॉस्फेट मोजण्याइतके राहू द्यावे, हे मी त्यातून शिकले.

प्रवाही
अवांतर होईल, पण सायकलिंगशी निगडित आहे म्हणून विचारतो. लाइव्ह रॉक वापरला तर हा सगळा खटाटोप टळतो ना? इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्येच जिवंत खडकाच्या टाकीविषयी लिहिले होते आणि त्यांच्या टाक्या फक्त हवेच्या बुडबुड्यांवर चालत असत, असे वाचल्याचे आठवते.

जुनी_लाट
प्रवाही, बरोबर आठवते आहे. खडक समुद्रातून किंवा मुरलेल्या टाकीतून पाण्यातच ठेवून आणला असेल, तर सूक्ष्मजीव त्याच्यासोबतच येतात. पण तो ओल्या कागदात गुंडाळून दोन दिवसांचा प्रवास करून आला असेल, तर त्यावरचे स्पंज आणि इतर जीव मरून कुजतात आणि अमोनिया भरपूर सुटतो. म्हणून तो वेगळ्या पिंपात, हलत्या पाण्यात, कुबट वास जाईपर्यंत ठेवावा लागतो. थोडक्यात, चाचणी कुणालाच चुकत नाही. लाइव्ह रॉकची टाकी त्या परीक्षेत लवकर उत्तीर्ण होते एवढेच. तो येताना नको असलेले खेकडे, काचअनिमोनी आणि रोगजंतूही आणू शकतो, ही त्याची दुसरी बाजू.

भरतीरेषा
रोगांचा विषय निघालाच आहे, तर धागाकर्तींना एक कळकळीची सूचना करते. या रिकाम्या आठवड्यांचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे विलगीकरणाची टाकी तयार करणे. क्रिप्टोकॅरिऑन, ज्याला आपण सागरी इच किंवा पांढरे ठिपके म्हणतो, तो परजीवी एकदा मुख्य टाकीत शिरला की वाळू आणि खडकावर आपली पुटिका अवस्था सोडतो. मग टाकी जवळपास अडीच महिने माशांविना ठेवण्याचा सल्ला दिला जातो. मुख्य टाकीत तांब्याचे औषधही घालता येत नाही, कारण त्याने गोगलगायी, कोळंब्या आणि प्रवाळ मरतात. तुमची टाकी ड्राय रॉकची असल्याने आज ती या परजीवीपासून पूर्ण मुक्त आहे. ती तशीच ठेवणे तुमच्या हातात आहे.

पण विलगीकरणाच्या टाकीलाही नायट्रीकरण लागतेच. त्यासाठी स्पंज फिल्टरचा एक स्पंज आजच मुख्य टाकीत पंपासमोर ठेवून द्या. सायकलिंग पूर्ण होईल तेव्हा तोही तयार असेल.

निळीखिडकी
सर्वांच्या प्रतिसादांबद्दल आभार. आज चोविसावा दिवस. डीकेएच ५.८ निघाला, म्हणजे खोलपाणी यांचा अंदाज अचूक ठरला, पीएच ७.८ होता. सुमारे ११ ग्रॅम खाण्याचा सोडा दोन दिवसांत विभागून, विरघळवून घातला आणि आता डीकेएच पुन्हा ८ आहे. फॉस्फेट शून्य दिसल्याने चिमूटभर माशांचे खाद्यही टाकले. स्पंज पंपासमोर ठेवला आहे. पाणी पातळ करून मोजले आणि दहाने गुणले तर नायट्राइट अजून १०च्या आसपास आहे. पाणी बदलण्याचा मोह होतो आहे.

खोलपाणी
बदलले तरी बिघडणार नाही, न बदलले तरी चालेल. नायट्राइट वीसच्या पुढे गेले असते, तर मीच बदला म्हणालो असतो. आता १५ वरून १० झाले आहे, म्हणजे दुसरे कुटुंब कामाला लागले आहे. तोवर अमोनियाची नवी मात्रा मात्र देऊ नका. मोठ्या मात्रा देत राहणे हे नायट्राइट तुंबण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

वाळूघड्याळ
माझ्याकडेही तेच घडत होते. मी दर तिसऱ्या दिवशी अमोनिया घालत होतो, तो आता थांबवला.

निळीखिडकी
तिसावा दिवस. परवा नायट्राइट ५ होते, काल संध्याकाळी १ आणि आज सकाळी शून्य. अठरा दिवस हलले नाही असे वाटणारे नायट्राइट शेवटच्या दोन दिवसांत कोसळले. रंग न बदललेली चाचणीची नळी हातात धरून मी बराच वेळ उभी होते. आजच या वेळी १७० लिटरच्या हिशेबाने १ ग्रॅम अमोनियम क्लोराइड घालते आहे. उद्या कळवते.

निळीखिडकी
२४ तासांनंतर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. नायट्रेट २५ आणि ५० यांच्या मधला रंग दाखवते आहे; चार मात्रांचा हिशेब ३० येतो, म्हणजे आता किटवर विश्वास ठेवता येईल.

शिंपले_वेचणारी
मनःपूर्वक अभिनंदन! आता निम्मे पाणी बदला, म्हणजे नायट्रेट १५च्या आसपास येईल. नवीन खारे पाणी आदल्या दिवशी करून, पंप लावून, टाकीच्याच तापमानाला आणि क्षारतेला आणून मग घाला. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजण्याचे साधन) ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवून घ्या, साध्या पाण्याने नको. आणि मासा येईपर्यंत या सूक्ष्मजीवांना उपाशी ठेवू नका. आठवड्यातून एक-दोनदा अर्धा पीपीएम अमोनिया पुरे.

प्रवाळवेडा
पहिला मासा एक किंवा फार तर जोडी. आज टाकीने २ पीपीएम पचवले म्हणून सहा मासे एकदम आणू नयेत. प्रत्येक भर घातल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत आणि पहिला आठवडाभर अमोनिया रोज मोजावा.

निळीखिडकी
बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. ऑसेलारिस क्लाउनफिशची एक लहान जोडी स्पंज लावलेल्या विलगीकरणाच्या टाकीत चार आठवडे ठेवली. त्या काळात तिथे अमोनिया एकदाही दिसला नाही आणि दोन्ही मासे पहिल्या दिवसापासून खात होते. गेल्या शनिवारी त्यांना मुख्य टाकीत सोडले. पाच दिवस रोज मोजते आहे. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १५. मोठा मासा डावीकडच्या खडकाच्या कपारीत झोपतो आणि लहान त्याच्या मागे मागे असतो. घरातली मंडळी टाकीसमोरून हलत नाहीत.

जुनी_लाट
वाचून फार आनंद झाला. टाकीवर जाळीचे झाकण बसवले आहे ना? नव्या जागेत पहिल्या काही रात्री क्लाउनफिशही उडी मारतात.

निळीखिडकी
नाही, ते राहिले आहे. आज रात्रीपुरती पडद्याची जाळी ताणून बांधते आणि उद्या चौकट करून घेते.